पोंक्ष्यांचं कोपर

यज्ञेश्वर पोंक्षे एकेचाळीस वर्षं पोहतात आणि ती सगळी एकेचाळीस वर्षं चुकीचे हात मारतात, हे त्यांना तोंडावर सांगितलं ते एका चोवीस वर्षांच्या मुलीनं. त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण ते लोकांनी आपापसात सांगितलं होतं, आणि पुण्यात आपापसात सांगितलेलं ज्याचं त्याच्यापर्यंत पोहोचायला वीसेक वर्षं सहज लागतात.

पोंक्षे नारायण पेठेत राहतात. एका पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पंपाच्या पोटात जे पातं फिरतं आणि पाण्याला इकडून तिकडे हाकलतं, त्याची ड्रॉइंग्ज काढणं हे त्यांचं काम. त्यामुळे पाणी कसं वागतं हे आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती, आणि पंपाच्या बाबतीत ती खरीही होती. स्वतःच्या बाबतीत ती त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती. रोज पहाटे पावणेसहाला ते टँकवर हजर असत आणि सहाच्या पहिल्या बॅचला पाचव्या लेनमध्ये उतरत. पाण्यात शिरलेला त्यांचा हात आधी बाहेरच्या बाजूला जाई, मग वळून पोटाखाली येई, मग पुन्हा बाहेर वळून मांडीशी निघे. लांबून पाहणाऱ्याला वाटे, गृहस्थ तळाशी पडलेली किल्ली शोधताहेत.

हे किल्ली शोधणं त्यांच्या मनचं नव्हतं. कॉलेजात असताना त्यांना पोहायला शिकवणाऱ्या दीक्षित सरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद वाटला होता. त्यात इंग्रजी एस अक्षरासारखी एक वळणदार रेघ होती, आणि फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्याखालून असा न्यावा, असं लिहिलं होतं. त्या काळी साऱ्या जगाचं तेच मत होतं. पुढे जगानं मत बदललं. पोंक्ष्यांना तसं लेखी कळवलं नाही.

निवृत्ती पोंक्ष्यांना जड गेली नाही, आणि त्याचं कारण पहिली बॅच. ऑफिस सुटलं तरी पहाटे पाचला उठायचं कारण शिल्लक होतं, सहा ओळखीचे चेहरे शिल्लक होते, पोहून झाल्यावर समोरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेत उभ्यानं होणारा वाद शिल्लक होता. कुणी विचारलं, हल्ली काय करता, तर ते सांगत, "सकाळी टँकवर असतो." प्रश्न दिवसाबद्दल होता हे त्यांच्या लक्षात येत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी श्यामलाबाईही टँकवर येऊ लागल्या. त्या सदाशिव पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवत. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि पाण्याशी संबंध बादलीपुरता. त्यांना टँकवरच्या कोच स्वरालीनं शिकवलं. पहिल्यापासून शिकणाऱ्याचा एक फायदा असतो, त्याला काही विसरावं लागत नाही. अकराव्या महिन्यात श्यामलाबाई पाचव्या लेनमध्ये आल्या आणि बाराव्या महिन्यात नवऱ्याच्या पुढे गेल्या.

लेनमध्ये पुढच्याला ओलांडायचं असेल तर त्याच्या तळपायाला बोटं लावायची, म्हणजे तो भिंतीशी थांबून वाट देतो, अशी शिस्त आहे. श्यामलाबाई दर चौथ्या लेंग्थला नवऱ्याच्या पायाला हात लावू लागल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मिळून जितक्या वेळा लावला नसेल तितक्या वेळा त्यांनी त्या एका हिवाळ्यात लावला. पोंक्षे भिंतीशी थांबत, वाट देत, आणि मग टोपी नीट करत. घरी या विषयावर बोलणं होत नसे.

हे असं चालूही राहिलं असतं. पण फेब्रुवारीत टँकला नवे मॅनेजर आले, अनिरुद्ध मुंगळे. त्यांनी आठवडाभर सकाळी उभं राहून गर्दी पाहिली आणि फळ्यावर सूचना लावली. पहिल्या बॅचमध्ये राहायचं असेल तर चारशे मीटर सलग बारा मिनिटांत पोहून दाखवावं. चाचणी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी. ज्यांना जमणार नाही त्यांनी दुपारी बाराच्या बॅचचा लाभ घ्यावा. चाचणी पुढे दर महिन्याला होणार होती, म्हणजे गेलेल्याला परत यायला वाव होता. पण पुण्यात 'लाभ घ्यावा' हे शब्द जिथे असतात तिथे लाभ नसतो, हे पोंक्ष्यांना माहीत होतं. टँक उघड्यावरचा. एप्रिलमध्ये दुपारी बाराला तिथे कोण येत असे, याबद्दल पहिल्या बॅचमध्ये फक्त दंतकथा होत्या.

पोंक्ष्यांनी त्याच दिवशी मनगटावरचं घड्याळ लावून चारशे मीटर मोजून पाहिले. टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस मीटर, म्हणजे सोळा लेंग्थ. तेरा मिनिटं वीस सेकंद. श्यामलाबाईंनी पलीकडे तेच अंतर सहज म्हणून पोहून पाहिलं. त्यांनी वेळ सांगितली नाही आणि पोंक्ष्यांनी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वरालीकडे गेले. विचारायला नव्हे, चर्चेला.

"काका, पाय ठीक आहेत तुमचे," ती म्हणाली. "ब्रीदिंगही ओके आहे. हात ओढता ना, ते चुकतंय."

"कुठला हात?"

"दोन्ही."

"दोन्ही चुकत असतील तर ती चूक नसणार. चूक एका हाताची होते. दोन्ही हातांची असते ती पद्धत."

"बरं, पद्धत चुकतेय. तुम्ही एस काढता."

"काढतोच. काढायचाच असतो."

"आता नाही काढत कुणी."

"कधीपासून?"

स्वरालीनं थोडा विचार केला. "मी जन्मायच्या आधीपासून बहुतेक."

मग तिनं काठावर उभं राहून दाखवलं. हात पुढे टाकायचा. कोपर वर, पाण्याच्या वरच्या अंगाला ठेवायचं आणि कोपराखालचा हात उभा खाली सोडायचा. आता कोपरापासून बोटांपर्यंत एक फळी झाली. ती फळी सरळ मागे ढकलायची, बस. "तुमचं काय होतं माहितीये? कोपरच आधी मागे पळतं. तळवा आपला नंतर येतो, रिकामा. पाणी धरलंच जात नाही. तुम्ही पाण्याला गोंजारता, काका."

चौतीस वर्षं पाणी हाकलण्याच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यायला थोडा वेळ लागला. तो वेळ त्यांनी पंपाचं पातं वाकडं का असतं हे तिला समजावण्यात घालवला. तिनं शांतपणे ऐकलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल पाण्याखाली धरून त्यांचा व्हिडिओ काढला. पोंक्ष्यांनी तो काठावर बसून तीनदा पाहिला.

"हे कोण गृहस्थ?"

"तुम्हीच काका."

"टोपी माझी आहे," पोंक्षे म्हणाले. "पोहणं माझं नाही."

"अहो, आत्ता तर काढला तुमच्यासमोर."

"पाण्यात प्रकाश वाकतो. बादलीत काठी बुडवून बघ, मोडलेली दिसते. म्हणून काठी मोडलेली असते का?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणजे स्वराली मोबाइल पुसू लागली. पण तेरा वीस हा आकडाही बिनतोडच होता, आणि आकड्याशी वाद घालण्याची पोंक्ष्यांना सवय नव्हती. नवी पद्धत शिकायचं त्यांनी कबूल केलं. जुनी चूक आहे हे मात्र कबूल केलं नाही. जुनी ही नव्याआधीची आहे, एवढंच त्यांनी मान्य केलं.

शिकायचं म्हणजे आधी ड्रॉइंग काढायचं. पोंक्ष्यांनी निवृत्त झाल्यावर माळ्यावर टाकलेला ड्रॉइंग बोर्ड उतरवला आणि चार संध्याकाळी खपून ट्रेसिंग पेपरवर स्वतःचा उजवा हात काढला: वरून, समोरून आणि बाजूनं. कोपराचे कोन घातले. कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं, 'हात, उजवा. नग एक. डावा याच्या उलट.' खाली 'काढणार' समोर सही केली, 'तपासणार' समोरची जागा मोकळी राहिली. ती त्यांनी श्यामलाबाईंपुढे धरली.

श्यामलाबाईंनी चष्मा लावून ड्रॉइंग नीट पाहिलं. "छान आलंय."

"मग सही कर."

"सही नाही करणार. हा हात तुमचा नाही."

"माझाच आहे. मापं घेतली आहेत."

"मापं तुमची आहेत हो. पाण्यात तुम्ही असं करत नाही. मी मागून बघते ना रोज."

घरी या विषयावर झालेलं हे पहिलं बोलणं. ते तिथेच थांबलं, कारण कुकरची शिट्टी झाली.

स्वरालीनं एक व्यायाम सांगितला होता: मोठ्या पिंपाला मिठी मारल्यासारखा हात टाकायचा, म्हणजे कोपर आपोआप वर राहतं. पोंक्ष्यांच्या गॅलरीत निळं पिंप होतंच. गुरुवारी पाणी येत नाही म्हणून ते बुधवारी भरलं जाई. पोंक्षे सकाळ-संध्याकाळ पिंपावर छाती टेकून उभे राहू लागले आणि पिंपावरून हात सोडून हवेतलं पाणी मागे ढकलू लागले. समोरच्या बिल्डिंगमधल्या विमलाबाईंनी चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी जिन्यात श्यामलाबाईंना गाठून हळूच विचारलं, "यज्ञेश्वररावांचं बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे की. कोपर वर राहत नाही त्यांचं."

"अगं बाई. मग ओव्याचा शेक देऊन बघ."

पिंपावर कोपर झकास राही. पाण्यात पडे. पिंप काढून घेतल्यावर कोपरानं पडावं हे पोंक्ष्यांना गैरशिस्तीचं वाटलं. कारखान्यात अशा वेळी जिग बनवतात, म्हणजे वस्तू ठरल्या कोनात धरून ठेवणारा साचा. त्यांनी जुन्या फाइलच्या प्लास्टिकच्या पुठ्ठ्यांचे दोन साचे कापले आणि वेल्क्रोच्या पट्ट्या लावून ते दोन्ही कोपरांवर बांधून टँकवर गेले. लाइफगार्ड पोपट शिळीमकरांनी त्यांना शॉवरपाशीच अडवलं. पोपटराव वेल्ह्याकडचे. टँकवर अठरा वर्षं उभे होते आणि नियम त्यांना तोंडपाठ होते.

"हे काय बांधलंय, साहेब?"

"उपकरण आहे."

"लागलंय का काय हाताला?"

"लागलेलं नाही. लागू नये म्हणूनही नाही. कोपर वर राहावं म्हणून आहे."

"मग काढा. बांधलेलं काय बी घेऊन पाण्यात जायाचं नाय. नियम हाय."

"कुठे लिहिलाय?"

पोपटरावांनी मान न वळवता मागच्या भिंतीकडे अंगठा केला. नियम अकरावा होता. पोंक्ष्यांनी तो वाचला, त्यात काही त्रुटी सापडते का पाहिलं, आणि साचे सोडून ठेवले. लिहिलेल्या गोष्टीपुढे त्यांचा इलाज चालत नसे.

तीन आठवड्यांनी वेळ घेतली तेव्हा तेरा मिनिटं पन्नास सेकंद आली. एकेचाळीस वर्षं चुकीचं पोहून जितकं हळू झालं नव्हतं तितकं बरोबर पोहून झालं. स्वराली म्हणाली असं होतंच, हात आधी गोंधळतो, मग सुधारतो. झालंही तसंच. मार्च संपता संपता तेरा पाच, मग बारा चाळीस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बारा सोळा. पहिल्या आठ लेंग्थ कोपर जागेवर राही आणि एस निम्म्यावर येई. पुढे दम लागला की कोपर आपलं पूर्वीच्या घरी जाई. हे स्वरालीला दिसे, श्यामलाबाईंना दिसे, पोपटरावांनाही दिसे. पोंक्ष्यांना दिसत नसे. स्वतःचं कोपर पोहताना कुणालाच दिसत नाही. "टॉलरन्समध्ये आहे," असं ते म्हणत, म्हणजे फरक चालण्याइतकाच आहे.

चाचणीच्या शनिवारी नऊ जण होते. मुंगळे काठावर खुर्ची टाकून यादी घेऊन बसले होते. श्यामलाबाई दुसऱ्या नंबरला गेल्या आणि दहा मिनिटं पस्तीस सेकंदांत बाहेर येऊन केस पुसू लागल्या. पोंक्षे सातवे. शॅलोच्या, म्हणजे उथळ टोकाच्या, भिंतीला पाय लावून ते निघाले. पोपटराव स्टॉपवॉच घेऊन समोर डीपच्या, म्हणजे खोल टोकाला उभे होते, लेंग्थ मोजत होते, आणि मधेच तिसऱ्या लेनमध्ये दोरीला लोंबकळणाऱ्या एका गृहस्थांना शिट्टी मारून दोरी सोडायला सांगत होते.

आठ लेंग्थ पोंक्षे असे पोहले की स्वराली खुर्चीमागे येऊन उभी राहिली. नवव्या लेंग्थला कोपर ढळायला लागलं, पण तोवर वेळ हाताशी होती. शेवटी त्यांनी डीपच्या भिंतीला हात लावला आणि पोपटरावांनी बटण दाबलं.

"झालं, साहेब. सोळा. अकरा मिन्टं चौदा."

टाळ्या वाजल्या. मुंगळ्यांनी यादीत खूण केली. चहाच्या सहा सोबत्यांपैकी एकानं "वा, पोंक्षे" म्हटलं, आणि ते पुण्यात खूप असतं. पोंक्षे मात्र भिंतीचा बार धरून धापा टाकत खाली पाहत होते. त्यांना पाय टेकायचे होते आणि तळ लागत नव्हता.

"मी डीपला का आहे?" त्यांनी विचारलं.

कुणाला प्रश्न कळला नाही.

"मी शॅलोवरून निघालो. दोन लेंग्थ झाल्या की माणूस शॅलोवर परत येतो. चार झाल्या तरी शॅलोवर. सोळा झाल्यावर मी शॅलोवर असायला हवा. मी डीपला आहे. म्हणजे पंधरा झाल्या किंवा सतरा."

टाळ्या थांबल्या. मुंगळे व्यवहारी होते. "सतरा धरू या," ते म्हणाले.

"सतरा लेंग्थ अकरा चौदात मी पोहेन असं तुम्हाला वाटतं? आमच्या घरात ते एकालाच जमतं, आणि तो मी नाही."

"मी सोळाच मोजल्या," पोपटराव म्हणाले.

"मधे शिट्टी मारलीत तेव्हा एक लेंग्थ दोनदा मोजलीत."

स्वरालीनं मोबाइलवर भागाकार केला. "काका, ऐका ना. पंधरा जरी धरल्या तरी या स्पीडनं सोळावी अकरा एकोणसाठला झाली असती. पास आहात तुम्ही. लिहिते मी."

"झाली असती. झालेली नाही. सोळाव्या लेंग्थला मला पेटका आला असता तर?"

"आला नाही ना."

"येण्याआधीच घड्याळ थांबलं."

आता श्यामलाबाई पुढे आल्या. "अहो, पंधराच झाल्या. मी मोजत होते."

पोंक्ष्यांनी मान वर करून पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"का बोलू? दुपारी बाराला पोहायला जाल, घरी यायला दोन वाजतील, आणि दोनला ताटात गरम पोळी पाहिजे. माझं स्वयंपाकघर एकला बंद होतं."

"म्हणून तू पंधराच्या सोळा होऊ दिल्यास."

"मी काही होऊ दिलं नाही. पोपटरावांनी केल्या. मी फक्त केस पुसत होते."

मुंगळ्यांनी दोन पर्याय दिले: झाली ती वेळ घ्या, किंवा पंधरा मिनिटं थांबून सगळं पुन्हा पोहा. पहिला पर्याय बाकी सर्वांनी एकमतानं घेतला. पोंक्षे पंधरा मिनिटं बाकावर बसले आणि पुन्हा उतरले. या वेळी सोळा लेंग्थ सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजल्या, त्यामुळे हिशेबाबद्दल शंका उरली नाही. कोपर चौथ्या लेंग्थलाच गेलं होतं. बारा मिनिटं सव्वीस सेकंद.

बॅच बदलण्याचा फॉर्म पोंक्ष्यांनी स्वतःच भरला, ठळक अक्षरांत. पेन मुंगळ्यांचं होतं. ते त्यांनी टोपण लावून परत दिलं.

सोमवारी पहाटे पाचला ते सवयीनं उठले. श्यामलाबाई पिशवी घेऊन गेल्या. पोंक्ष्यांनी पेपर वाचला, मग पेपरातल्या जाहिराती वाचल्या, आणि साडेसातला श्यामलाबाई चहाच्या टपरीवरचा वाद सांगू लागल्या तेव्हा "मला माहीत आहे ते काय म्हणाले असतील" असं म्हणून आंघोळीला गेले. पोहण्याआधी आंघोळ त्यांनी आयुष्यात प्रथमच घरी केली.

दुपारची बॅच दंतकथेपेक्षा बरी होती, म्हणजे तिच्यात माणसं होती. तीन. कोथरूडहून येणारे दोन आयटीवाले, जे जेवणाच्या सुट्टीत मीटिंग म्यूट करून पोहत. आणि दीपमाला नावाच्या एक बाई, ज्या शॅलोचा बार धरून उभ्या राहत आणि बार सोडत नसत. फरशी इतकी तापलेली असे की चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंत सगळेच भरतनाट्यम् केल्यासारखे येत. पोपटराव छत्रीखाली बसून असत. पंधरा-सोळा प्रकरणानंतर त्यांचा आणि पोंक्ष्यांचा संवाद मानेपुरता उरला होता.

पोंक्षे तीन आठवडे मुकाट्यानं पोहले. वेळ घेतली नाही, कोपराचा विचार केला नाही. स्वराली सकाळची असल्यामुळे सांगायला कुणी नव्हतं. मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमाराला, त्यांना खाली एक माणूस पोहताना दिसला.

पाणी स्वच्छ होतं, टँक रिकामा होता, आणि तळाच्या पांढऱ्या फरश्यांवर कुणीतरी काळा गृहस्थ त्यांच्याच वेगानं चालला होता. वाईट पोहत होता. हात पुढे टाकायचा तो ठीक टाकत होता, पण मग त्याचं कोपर आधी मागे सटकायचं आणि पंजा त्याच्या मागून वळसे घेत यायचा, लग्नात वरात निघून गेल्यावर धावत येणाऱ्या मामासारखा. डावा पंजा तर छातीखालून पार पलीकडे जाऊन परत येत होता. अहो, कोपर, असं पोंक्ष्यांनी मनातल्या मनात त्याला म्हटलं. कोपर धरा जागेवर. पाणी काय गोंजारताय.

पुढच्या श्वासाला त्यांच्या लक्षात आलं की तो गृहस्थ श्वासही त्यांच्याच बाजूला घेतो.

ते मधेच उभे राहिले. वर पाहिलं. पुण्यात मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या तळव्याखाली जाते. त्याच्या आगेमागेही आठवडाभर सूर्य डोक्यावरून फारसा हलत नाही. म्हणजे खाली फरशीवर पडलं होतं ते वरून काढलेलं ड्रॉइंग होतं, स्केल जवळजवळ एकास एक. किरण सरळ खाली येत होते. सरळ खाली येणारा प्रकाश पाण्यात वाकत नाही, हे पोंक्ष्यांना पाठ होतं. बादलीतली काठीसुद्धा सरळ उभी धरली तर सरळच दिसते. त्यांच्या बाजूनं आता एकही मुद्दा शिल्लक नव्हता.

पोपटरावांनी छत्रीखालून विचारलं, "साहेब, बरं वाटत नाय का?"

"नाही वाटत," पोंक्षे म्हणाले. "पण ते ठीक आहे."

मग ते पुन्हा आडवे झाले आणि सावली दुरुस्त करायला लागले. ड्रॉइंग दुरुस्त करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हात टाकला. खालच्याचं कोपर मागे सटकायला लागलं तसं तिथेच रोखलं, पंजा खाली सोडला, आणि कोपर व पंजा एकदम मागे येतात का ते पाहिलं. चार वेळा नाही आले. पाचव्या वेळी आले, आणि त्या वेळी तळव्याला काहीतरी लागलं. पाणीच होतं. पण जिन्याचा कठडा लागावा तसं लागलं, धरता येईल असं. पोंक्ष्यांनी ते धरलं आणि त्याच्यावरून पुढे गेले. एकेचाळीस वर्षं ज्यात हात फिरवत होते ते पाणी धरताही येतं, हे कळल्यावर त्यांना राग आला. तो कुणावर काढावा हे न सुचल्यामुळे त्यांनी आणखी आठ लेंग्थ काढल्या.

पुढे रोज साडेबारा ते एक, त्यांनी त्या काळ्या गृहस्थांना शिकवलं. त्या वेळेत ते वर फक्त श्वासापुरते येत. दीपमालाबाईंनी एकदा पोपटरावांना विचारलं, हे काका खाली काय शोधतात. पोपटराव म्हणाले, "चूक शोधतात. सापडली की लई खूश असतात."

मेच्या दुसऱ्या शनिवारच्या चाचणीसाठी पोंक्ष्यांनी अर्ज दिला आणि त्यात 'दुपारी साडेबारा वाजता' असं लिहून खाली रेघ मारली. मुंगळ्यांनी कारण विचारलं नाही. पोंक्ष्यांना कारण विचारलं की ते मिळतं, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. स्वराली ऊन चुकवत आली. श्यामलाबाई आल्या नाहीत. एकला स्वयंपाकघर बंद होणार होतं.

पोपटरावांनी स्टॉपवॉच स्वरालीकडे दिलं. "तुमी टाइम बघा. मी निस्तं मोजतो. आज शिट्टी खिशातच हाय."

पोंक्षे निघाले. कोपर आठव्या लेंग्थला जागेवर होतं, दहाव्याला होतं, बाराव्याला एकदा ढळलं आणि पुढच्याच हाताला परत आलं, कारण ढळलेलं त्यांना खाली दिसलं. तेराव्याला दम लागला. पूर्वी दम लागला की ते हात जोरात फिरवत. आता हळू केला आणि धरला. स्वराली काठानं त्यांच्याबरोबर चालत होती, चटके बसत होते म्हणून चवड्यांवर.

"सोळा," पोपटराव म्हणाले. आणि पुढे, कुणी न विचारता, "शॅलोच हाय."

"अकरा एक्केचाळीस," स्वराली म्हणाली.

पोंक्ष्यांनी मान हलवली. पाय टेकले होते, बार धरायची गरज नव्हती.

"काका, काय केलंत काय तुम्ही? एसपण गेला."

"कोपर वर ठेवलं. हात सरळ मागे नेला."

"मी मार्चपासून हेच सांगतेय ना तुम्हाला."

"सांगत होतीस," पोंक्षे म्हणाले. "ते तुझं मत होतं."

स्वराली यादी घ्यायला बाकाकडे वळली. "सोमवारी सहाला या. पाचवी लेन. काकूंना सांगते मी."

"नको सांगूस. तिला पाण्यातच कळू दे." पोंक्ष्यांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला. "सोमवारी येतो. आत्ता मला दहा मिनिटं दे. एकनंतर ऊन कलतं आणि डावा हात अजून बघायचाय."

ते खाली वाकले आणि निघाले. खालच्या गृहस्थांचा डावा पंजा खरंच अजून दोन बोटं आत येत होता.